रिकर्व्ह धनुष्यासाठी विदेशी लाकूड: जड मुठीत, हलकं पात्यात

स्वतःच्या मापाचं रिकर्व्ह धनुष्य बनवून घ्यायला गेलं की कारागीर आधी तुमची खेच, म्हणजे दोरी किती लांबवर ओढता ते मोजतो, किती पौंडांचं धनुष्य पेलेल, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला किती जोर लावू शकाल, ते विचारतो आणि मग लाकडाचे तुकडे समोर मांडतो. इतका वेळ शहाण्यासारखं बोलणारा माणूस नेमका इथे घसरतो. जांभळं पर्पलहार्ट, शेंदरी पडाउक, काळ्या-तपकिरी रेघांचं वेंगे, तेलकट चकाकीचं कोकोबोलो. हात एकावरून दुसऱ्यावर फिरत राहतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "यातलं कुठलं लावलं तर बाण जास्त जोरात जाईल?"

खरं उत्तर असं की, बाणाच्या वेगासाठी यातलं कुठलंच लावायचं नसतं. विदेशी लाकडाचा उपयोग दुसराच आहे. तो समजला की निवड बरीच सोपी होते, कारण मग 'कुठलं लाकूड' याच्या आधी 'कुठल्या जागी' हा प्रश्न विचारता येतो.

'विदेशी' हा शब्दही सोयीचाच आहे म्हणा. अमेरिकेतल्या धनुष्यकाराच्या दृष्टीने आपलं शिसवी विदेशी. आपल्याला त्याचं मॅपल विदेशी. या धंद्यात साधारणपणे उष्ण प्रदेशातल्या घट्ट, रंगीत, जड लाकडांना हे नाव पडलं आहे, आणि तोच अर्थ मी इथे धरला आहे.

आधी धनुष्य उलगडून पाहू

रिकर्व्हचे तीन भाग. मधला मुठीचा जाड भाग, त्याला रायझर म्हणतात. त्याच्या वर आणि खाली एकेक लवचीक पातं, इंग्रजीत लिम्ब. (लिंब म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भलतंच झाड उभं राहतं, म्हणून पातंच म्हणू.) पात्याची टोकं नेमबाजापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात. या वळणामुळेच 'रिकर्व्ह'. काही धनुष्यं सलग एकसंध असतात, तर काहींची पाती बोल्ट काढून वेगळी करता येतात. त्यांना टेकडाउन म्हणतात. हा फरक ध्यानात ठेवा, लाकूड निवडताना तो पुन्हा आडवा येणार आहे.

आता पातं वाकतं तेव्हा काय होतं? लक्ष्याकडची बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, ताणली जाते. नेमबाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. या दोन्हींच्या बरोबर मध्ये एक थर असतो, त्याला ताणही जवळपास नाही आणि दाबही जवळपास नाही.

अख्ख्या लाकडातून तासलेल्या जुन्या धनुष्यात ही दोन्ही कामं एकट्या लाकडाला करावी लागत. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या माणसाजवळ यू झाडाचं अर्धवट तासलेलं धनुष्य होतं, त्याच्या उंचीपेक्षा जवळजवळ वीतभर लांब. यू हे या कामाचं नामांकित लाकूड: सालीलगतचा पांढरा भाग ताण चांगला सोसतो, आतला लालसर गाभा दाब. अशा धनुष्यात लाकडाची जात हीच सगळी गोष्ट असते. लाकूड चुकलं की धनुष्य मोडलं.

पण लाकडाला या ओझ्यातून सोडवण्याची युक्तीही फार जुनी आहे. उस्मानी तुर्कांच्या धनुष्यात पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू, पोटाला म्हशीचं शिंग आणि मध्ये मॅपलची पट्टी असे. ताण स्नायूंनी घ्यायचा, दाब शिंगाने, लाकडाने फक्त दोघांना धरून ठेवायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फ्रेड बेअर यांच्यासारख्या निर्मात्यांनी स्नायू आणि शिंग या दोघांच्या जागी फायबरग्लासच्या पट्ट्या आणल्या. आजचं कस्टम रिकर्व्ह म्हणजे तीच पद्धत: पाठीला आणि पोटाला जेमतेम एकेक मिलिमीटर जाडीची काचतंतूंची पट्टी आणि मध्ये लाकडाच्या पातळ फळ्या, सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं.

पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा घेऊन वाकवून बघा. वरचा आणि खालचा सपाट कागद खरा भार घेतो. मधला नागमोडी कागद त्या दोघांमधलं अंतर राखतो आणि त्यांना एकमेकांवरून घसरू देत नाही. पात्यातलं लाकूड म्हणजे तो नागमोडी कागद.

म्हणून पात्यात भारी लाकूड वाया जातं

मधल्या लाकडाकडून तीन गोष्टी हव्यात: हलकेपणा, एकसारखेपणा आणि सरसाला घट्ट धरण्याची वृत्ती. सौंदर्य या यादीत नाही. म्हणूनच जगभर पात्यांच्या गाभ्यात हार्ड मॅपल आणि बांबू ही दोन 'साधी' नावं सतत दिसतात. मॅपलची घनता घनमीटरला ७०० किलोच्या आसपास, तंतू सरळ, पोत एकजीव. बांबूत लांबच लांब सलग तंतू असतात आणि तो वजनाला हलका.

हलकेपणाचं इतकं कौतुक का? दोरी सोडल्यावर धनुष्यात साठलेली ऊर्जा दोन गिऱ्हाइकांत वाटली जाते. एक बाण, दुसरं खुद्द पातं. पात्याला पुढे धावायला जी ऊर्जा लागली ती बाणाला मिळाली नाही. ती शेवटी हाताला झटका बनून जाणवते. ४५ पौंडांच्या धनुष्यातून सुटणारा बाण बहुधा तीसेक ग्रॅमचा असतो. एका पात्याच्या गाभ्यात साधारण ६५ घनसेंटिमीटर लाकूड धरलं, तर मॅपलचं वजन ४६ ग्रॅम होतं आणि बुबिंगा या जड आफ्रिकी लाकडाचं ५८. बारा ग्रॅम हा आकडा तसा क्षुल्लक, पण तीस ग्रॅमच्या बाणाशेजारी ठेवला की डोळ्यांत भरतो. अर्थात हे सगळे बारा ग्रॅम सारखे नडत नाहीत. मुठीजवळचा भाग फारसा हलत नाही. टोकाकडचा तिसरा हिस्सा सर्वांत वेगाने धावतो, तिथला ग्रॅम महाग.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाभ्याचं लाकूड बदलल्याने पडणारा फरक लहान असतो. पात्याची वळणं, रुंदी टोकाकडे कशी निमुळती होत गेली आहे, काच (म्हणजे काचतंतूंची पट्टी) किती जाड आहे, यांनी पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा. कुणी 'आमच्या खास लाकडामुळे बाण सुसाट' म्हणू लागला, तर ऐकून घ्या, पैसे त्यासाठी देऊ नका.

जाडीचं गणित मात्र निष्ठुर आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दहा मिलिमीटर जाडीच्या पात्यात एक दशांश मिलिमीटर जास्त राहिला, जाडी फक्त एक टक्का वाढली, तर ताठपणा तीन टक्के वाढला. ४५ पौंडांचं धनुष्य सव्वा-दीड पौंडाने चढलं. लाकडाची जात बदलून होणार नाही ते पॉलिश पेपरच्या दोन-चार फेऱ्यांत होतं. कारागीर फळ्यांची जाडी मोजताना श्वास रोखून का असतो, ते यावरून कळावं.

मग रंगीत पाती कशी दिसतात?

युक्ती अशी: गाभा मॅपलचा किंवा बांबूचा आणि त्यावर, पारदर्शक काचेच्या लगेच खाली, तुमच्या आवडीच्या लाकडाचा अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. याला व्हेनियर म्हणतात. काचेतून तो स्पष्ट दिसतो. त्याने गाभ्याची तेवढीच जाडी कमी होते, त्यामुळे वाढलेलं वजन दोन-तीन ग्रॅमच्या घरात राहतं. भार काचेने उचललेला असल्यामुळे इथे गाठाळ, नागमोडी, वेड्यावाकड्या नक्षीचं लाकूडही चालतं. मुठीत लावायला भीती वाटावी असं लाकूड पात्याच्या पापुद्र्यात बिनधास्त लावता येतं.

व्हेनियर निवडताना दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, वरच्या आणि खालच्या पात्याचे पापुद्रे एकाच फळीतून, लागोपाठच्या कापाचे असावेत. नाहीतर वरचं पातं गव्हाळ आणि खालचं सावळं, आणि मग जन्मभर तेच दिसत राहतं. दुसरी, कोरडा नमुना पाहून रंग ठरवू नका. इपॉक्सी लाकडात मुरली की रंग गडद होतो. नमुन्यावर ओलं बोट फिरवा, त्या क्षणी जो रंग दिसेल तो काचेखालच्या रंगाच्या जास्त जवळचा.

गडद पापुद्र्याची एक बाजू कुणी आपणहून सांगत नाही. काळसर पातं उन्हात फार तापतं, आणि तापलं की इपॉक्सी मऊ पडू शकते. असं धनुष्य बंद गाडीत उन्हात ठेवून जाणं म्हणजे पातं पिळवटायला आमंत्रण. कुठलंही धनुष्य ठेवू नये. गडद तर नाहीच.

विदेशी लाकडाचं खरं घर: मूठ

रायझर हलत नाही, वाकू नये अशीच अपेक्षा असते. इथे वजन हा दोष नसून गुण आहे. मूठ जड असली की नेम धरताना हात कमी थरथरतो, आणि दोरी सुटल्यावर पात्यांचा झटका मुठीच्या वजनातच जिरतो. पात्यात टाळलेलं जडपण इथे मुद्दाम हवं.

किती जड? समजा तासून तयार झालेल्या रायझरमध्ये ६०० घनसेंटिमीटर लाकूड उरलं. मॅपलचा रायझर ४२० ग्रॅम भरेल. पडाउकचा ४५० च्या आसपास, वेंगे किंवा बुबिंगाचा सव्वापाचशे, कोकोबोलोचा साडेसहाशे, आणि आफ्रिकन ब्लॅकवुडचा, ज्यापासून सनई जातीतली पाश्चात्त्य वाद्यं बनतात, साडेसातशेच्या वर. कोकोबोलो आणि ब्लॅकवुड दोन्ही पाण्यात बुडतात. मॅपल आणि ब्लॅकवुड यांच्यातला फरक म्हणजे जवळजवळ साडेतीनशे ग्रॅम, तोही लांब केलेल्या हाताच्या टोकाला. मैदानात एका जागी उभं राहून नेम धरणाऱ्याला तो आशीर्वाद वाटतो. दिवसभर धनुष्य घेऊन चालणाऱ्याला दुपारनंतर तो शिक्षा वाटू लागतो. म्हणून लाकूड निवडण्याआधी ओळखीच्या कुणाचं तरी धनुष्य हातात घेऊन उभे राहा, आणि ते वजनकाट्यावर ठेवा. आकडा माहीत असला की कारागिराशी बोलणं सोपं जातं.

पण रायझरला ताकदही हवी, आणि इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. त्यांना वाटतं की लाकूड दगडासारखं कठीण आहे म्हणजे झालं. रायझरमध्ये एक नाजूक पट्टा असतो: मुठीचा गळा आणि त्यावरची बाण जाण्यासाठी कोरलेली खिडकी. बाण मध्यरेषेजवळून जावा म्हणून तिथलं निम्मं लाकूड काढून टाकलेलं असतं. उरलेली दोन-अडीच सेंटिमीटरची भिंत धनुष्याचा सगळा भार पेलते. त्या जागी तंतूंची दिशा कठीणपणापेक्षा जास्त महत्त्वाची ठरते.

सरपणाचं लाकूड फोडताना कुऱ्हाड तंतूंच्या दिशेने सहज जाते, आडवी जात नाही. रायझरच्या ठोकळ्यात तंतू तिरपे असले, एका बाजूने शिरून गळ्यापाशी दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असले, तर तीच फुटायची वाट तुम्ही बरोबर सर्वांत बारीक जागी आखून दिलीत. ठोकळा हातात आला की वरची नक्षी बघण्याआधी त्याच्या बाजू बघा. बारीक रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकळ्याला समांतर धावल्या पाहिजेत. निदान मधल्या एक वितीत तरी. कडेला थोडं वळण चालतं, तो भाग जाड राहतो.

गाठाळ लाकूड किंवा बुरशीने नक्षी उमटलेलं लाकूड दिसायला वेड लावतं, पण पहिल्यात तंतूंना दिशाच नसते आणि दुसरं बुरशीने कमकुवत झालेलं असतं. ते हवंच असेल तर दोन मार्ग. एक, त्याची फक्त बाहेरची टोपी करायची, भार आतल्या सरळ लाकडावर ठेवायचा. दोन, रायझर उभा मधोमध चिरून दोन्ही भागांच्या मध्ये फिनॉलिक (राळेत भिजवून घट्ट दाबलेला कागद किंवा कापड), काचतंतू किंवा थर दिलेल्या मॅपलची पट्टी वरपासून खालपर्यंत घालायची. अशी पट्टी लोखंडी तुळईतल्या मधल्या उभ्या पत्र्यासारखं काम करते. तिची रंगीत रेघ दिसते छान, म्हणून लोक तिला नक्षी समजतात, पण जास्त जोराच्या धनुष्यात ती मोठा भार वाहत असते. माझं मत विचाराल तर ५० पौंडांच्या पुढे ही पट्टी मागूनच घ्यावी, लाकूड कितीही चांगलं असो.

टेकडाउन धनुष्यात आणखी एक गोष्ट. पातं जिथे बसतं तिथे बोल्टचा दाब छोट्या जागेवर येतो. मऊ लाकूड तिथे हळूहळू चेपतं आणि पात्याचा कोन बदलतो. घट्ट विदेशी लाकडाचा इथे खरा फायदा होतो.

पात्यांच्या टोकांवरही छोटासा कठीण तुकडा चिकटवलेला असतो. डायनीमासारख्या नव्या धाग्याच्या दोऱ्या ताणत नाहीत, दर वेळी टोकाला करकचून झटका देतात आणि मऊ लाकडात कापत जातात. तिथे फिनॉलिक, शिंग किंवा काचेचे थर घातलेलं घट्ट लाकूड हवं. पण तुकडा लहान हवा. टोकाचा ग्रॅम महाग, हे आधी आलंच आहे.

थोडी ओळख एकेकाची

बुबिंगा मला रायझरसाठी सर्वांत समंजस लाकूड वाटतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं, तांबूस, पुरेसं जड, बऱ्यापैकी एकजीव. त्याचाच चुलतभाऊ ओव्हांगकोल, धनुष्यवाल्यांच्या तोंडी शेडुआ, सोनेरी-तपकिरी आणि किंचित हलका. पहिल्यांदा धनुष्य बनवून घेणाऱ्याने या दोघांपैकी एक घेतलं तर पस्तावायची वेळ सहसा येत नाही.

वेंगे ताठ आणि देखणं, पण चिडकं. तासताना त्याची कुसळं निघतात, आणि वेंगेचं कुसळ हातात गेलं की पिकायला वेळ लावत नाही. त्याची छिद्रं मोठी असतात. ती भरली नाहीत तर कितीही वॉर्निश लावा, पृष्ठभाग खवल्यांसारखा राहतो. झेब्रावूडच्या पट्ट्यांसाठी लोक वेडे होतात. त्याचे तंतू मात्र बऱ्याचदा एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून मी ते रायझरपेक्षा व्हेनियरला बरं म्हणेन.

रंगाबद्दल सगळ्यांत जास्त निराशा करतात पडाउक आणि पर्पलहार्ट. ताजं चिरलेलं पडाउक शेंदरासारखं असतं. उजेडात राहून ते काही वर्षांत चॉकलेटी होतं. पर्पलहार्टची गंमत उलटी आहे. चिरल्यावर ते मळकट तपकिरी दिसतं, हवा लागली की जांभळं होतं आणि ऊन खात राहिलं की परत तपकिरीकडे झुकतं. अतिनील किरण अडवणारं वॉर्निश हा प्रवास लांबवतं, थांबवत नाही. तेव्हा या लाकडांचा आजचा रंग नव्हे, चार वर्षांनंतरचा रंग आवडतो का ते बघा. पडाउकचा एक मोठा गुण याच्याखाली झाकला जातो: हवेतली आर्द्रता बदलली तरी ते फार कमी हलतं.

आणि पडाउकशेजारी पांढरं मॅपल लावायचं असेल तर सावध. घासताना त्याची लाल भुकटी मॅपलच्या छिद्रांत बसते, आणि पहिला हात वॉर्निशचा दिला की मॅपल गुलाबी होतं. ओल्या फडक्याने पुसलं तर आणखीच पसरतं. भुकटी हवेच्या झोताने उडवायची आणि पहिला पातळ थर शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) द्यायचा, हा त्यावरचा उपाय.

कोकोबोलो आणि शिसवीच्या कुळातली इतर लाकडं, शास्त्रीय भाषेत डॅल्बर्जिया, ही मानाची मंडळी. घट्ट, चकाकदार, हाताला गुळगुळीत. पण नावांचा इथे नुसता गोंधळ आहे. 'रोझवुड' म्हणून जे विकलं जातं ते सगळं या कुळातलं नसतं. बोलिव्हियन रोझवुड म्हणजे पाउ फेरो हे वेगळ्याच कुळातलं. बुबिंगालाही कुणी आफ्रिकन रोझवुड म्हणतं. म्हणून शास्त्रीय नाव विचारायला लाजू नका. पुढे कायद्याच्या कागदावरही तेच लागतं.

तेल, ओल आणि भुसा

शिसवी कुळाची चकाकी येते ती त्यांच्या अंगच्या तेला-राळेमुळे. तेच तेल चिकटवताना वैरी होतं. ताजा तासलेला भाग काही तासांतच वर तेल आणतो आणि इपॉक्सी लाकडाऐवजी त्या तेलावर बसते. म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग ताजा घासायचा, ॲसिटोनने पुसायचा, फडकं रंग सोडायचं थांबेपर्यंत पुसायचा आणि लगेच जोडायचा. वॉर्निशची तऱ्हाही तशीच. तेलावर आधारित वॉर्निश या लाकडांवर दिवसचे दिवस चिकचिकीत राहू शकतं, कारण लाकडातले घटक त्याला वाळूच देत नाहीत. आधी शेलॅकचा पातळ थर दिला की ही कटकट मिटते. कारागिराला एवढंच विचारा की तेलकट लाकूड जोडण्याआधी तो काय करतो. उत्तर अडखळत आलं तर बुबिंगा घ्या.

ओल ही दुसरी फसवणूक. सुंदर विदेशी ठोकळे पुष्कळदा लेथवर भांडी कातणाऱ्यांसाठी विकले जातात, सगळीकडून मेण लावून. मेण लावतात ते लाकूड तडकू नये म्हणून, म्हणजे आत ते अजून ओलं असू शकतं. धनुष्याला सहा ते दहा टक्के ओलीचं लाकूड हवं. ओला ठोकळा चिकटवला तर पुढे तो आक्रसतो आणि सांधे उघडतात. मीटर नसेल तर साधा उपाय आहे: मेण खरवडून काढा, ठोकळ्याचं वजन करून तारखेसह त्यावरच लिहा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा करा. वजन उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड तुमच्या हवेशी जमलं. जाड ठोकळ्याला यात वर्ष-दोन वर्षंही जातात. भट्टीत वाळवलेलं घ्यायला लोक जास्त पैसे का मोजतात, ते इथे कळतं.

भुशाबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. कोकोबोलो, वेंगे, पाउ फेरो यांच्या धुळीने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं, डोळे-नाक चुरचुरतं. ही ॲलर्जी वाढत जाणारी असते. पहिल्या दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नाही. शिवाय कुठल्याही लाकडाची बारीक धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरली आहे. स्वतः मूठ घासून हाताला बसवायची हौस असेल तर चांगला मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र, दोन्ही हवीत. तयार धनुष्य वापरणाऱ्याला मात्र सहसा भीती नाही, लाकूड वॉर्निशखाली बंद असतं. वॉर्निश मुठीपाशी झिजलं की ते पुन्हा देत जा.

कागदपत्रं

धनुष्य किंवा लाकूड सीमा ओलांडून येणार-जाणार असेल तर साइट्स हे नाव माहीत हवं. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. २ जानेवारी २०१७ पासून उरलेलं सगळं डॅल्बर्जिया कुळ दुसऱ्या यादीत आलं, आणि त्यासोबत बुबिंगा म्हणून विकल्या जाणाऱ्या तीन जातीही. दुसऱ्या यादीतल्या लाकडाचा व्यापार बंद नसतो, पण परवाना लागतो. २०१९ च्या बैठकीत दुसऱ्या यादीतल्या डॅल्बर्जियाच्या तयार वस्तूंना, एका खेपेत त्या लाकडाचं वजन १० किलोपर्यंत असेल तर, सूट मिळाली. तयार धनुष्य त्यात सहज बसतं. कच्चा ठोकळा बसत नाही. २०२२ च्या बैठकीत आफ्रिकेतलं पडाउकही दुसऱ्या यादीत घ्यायचं ठरलं. याद्या बदलत राहतात आणि प्रत्येक देशाचे स्वतःचे नियम वेगळे. अमेरिकेत लेसी कायदा २००८ पासून बेकायदा तोडलेल्या लाकडालाही लागू होतो. मागवण्याआधी त्या दिवशीची यादी बघणं, आणि विक्रेत्याकडून पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घेणं, एवढं तरी कराच.

शेवटी कारागिराकडे एक गोष्ट मागा, जी बहुतेक जण मागायला विसरतात: तुमच्या रायझरच्या ठोकळ्यातून उरलेला एखादा तुकडा. त्याच्यावर पेन्सिलने लाकडाचं नाव आणि तारीख लिहा. पुढे मुठीची कड उडाली तर ठिगळ त्याच लाकडाचं लावता येईल. आणि दुरुस्तीची वेळ आलीच नाही तरी तो कपाटाच्या अंधारात राहू दे. चार वर्षांनी बाहेर काढून धनुष्याशेजारी धरला, की एकाच झाडाचे दोन रंग समोरासमोर दिसतील.